अभ्यासाचा बंदोबस्त

परीक्षांचा हंगाम जवळ येऊ लागला की महाराष्ट्रातील असंख्य घरांतून एकच तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत ऐकू येऊ लागते: मुलगा पुस्तक घेऊन बसतो खरा, पण त्याचे चित्त ठिकाणावर नसते, मुलगी बुद्धीने कमी नाही, पण सारे काही अखेरच्या दिवसावर लोटते. ही तक्रार करणाऱ्या आईबापांनी त्या शिक्षणासाठी कोणकोणत्या खस्ता खाल्लेल्या असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तिच्यातील तीव्रता अस्थानी वाटणार नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक असते, आणि ते असे की, लक्ष लागणे किंवा न लागणे हा सर्वस्वी मनोनिग्रहाचा प्रश्न असून, ज्याला तो निग्रह साधत नाही त्याच्या स्वभावातच काही खोट आहे. हेच वर्षानुवर्षे ऐकत आलेला विद्यार्थी पुढे स्वतःविषयी तेच बोलू लागतो, आणि मग पुस्तक उघडण्याच्या साध्या कामाला स्वतःच्या नालायकीच्या जाणिवेचे ओझेही येऊन चिकटते.

मनाच्या व्यापारांचा प्रयोगाने शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे, आणि आपल्याच काही गावांनी व वस्त्यांनी कोणत्याही शास्त्राची वाट न पाहता जे करून पाहिले आहे, त्या दोहोंचा एकत्र विचार केला असता हे गृहीतक टिकत नाही. एकाग्रता ही आसनावर बसल्यानंतर मनावर जोर करून आणावयाची गोष्ट नसून, बसण्यापूर्वी जो बंदोबस्त करून ठेवलेला असतो त्याचे ते फळ आहे, असे म्हणावे लागते.

मनाचे चांचल्य काही या काळाचे अपत्य नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने त्याविषयी गाऱ्हाणे केले, तेव्हा श्रीकृष्णाने ते खोडून काढले नाही. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करूनच त्याने अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय गणले आहेत, आणि त्यांत आळसाच्या जोडीला व्याधी आहे, संशय आहे, मिळवलेली भूमिका न टिकणे हेही आहे. म्हणजे चित्त विचलित होण्याची कारणे एका आळसात कोंबून टाकण्याची घाई त्या सूत्रकारांनी केली नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील बृहद्ग्रंथात असे प्रतिपादिले की, इच्छेच्या बळावर लक्ष एकाच वस्तूवर सलग काही क्षणांहून अधिक टिकत नाही, आणि भरकटलेले लक्ष पुनःपुन्हा परत आणता येणे यातच शिक्षणाचे सार आहे. थोरामोठ्यांचे मनही भटकतच होते. प्रश्न होता तो त्याला परत येण्याची वाट किती सोपी करून ठेवलेली आहे, एवढाच.

चालढकलीचे मूळ

आळस आणि चालढकल यांत पुष्कळ अंतर आहे. आळशी मनुष्य काहीच करीत नाही; चालढकल करणारा विद्यार्थी मात्र अतिशय कामात असतो. तो टेबल आवरतो, रंगीत पेनांनी नवे वेळापत्रक आखतो, आहेत त्या टिपणांपेक्षा सरस टिपणे कोणाकडे मिळतील याची चौकशी करतो. पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत दरमहा शुल्क भरून अभ्यासिकेतील एक खुर्ची राखणारे आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आपल्या तारुण्याची चार-पाच वर्षे वाहणारे जे हजारो तरुण आहेत, त्यांना हा प्रकार चांगला परिचित असतो. चहाला म्हणून उठलेला गट कट-ऑफ किती लागेल, यंदा जागा किती निघतील, आयोग पद्धत बदलणार का, या चर्चेत तास घालवतो. यशस्वी उमेदवारांनी अभ्यास कसा केला हे सांगणारी चित्रफीत पाहण्यात रात्र सरते. आणि या सर्व वेळात आपण अभ्यासाच्याच परिसरात आहोत अशी समजूत कायम राहते. ज्याला कामच नको आहे तो एवढी धडपड करणार नाही. त्याला काम हवे आहे. त्या कामाशी निगडित असलेली एखादी भावना तेवढी नको आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने २०१३ साली नेमके हेच मत मांडले. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा दोष नसून, अप्रिय भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याचा तो एक मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. गणिताचे पुस्तक पुढे ओढले की गेल्या चाचणीतील गुण आठवतात, निबंध लिहायला घेतला की तो वाईट उतरेल ही भीती मनात येते, इतिहासाचे प्रकरण उघडले की कंटाळ्याची छाया पडते. आणि पुस्तक मिटताच ती भीती, ती लाज, तो कंटाळा त्या क्षणापुरता नाहीसा होतो. ही सुटका खरी असते, म्हणूनच तिची सवय जडते. मात्र तिची किंमत पुढे मोजावी लागते. डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका सत्राचा पाठपुरावा केला, तेव्हा सत्राच्या आरंभी दिरंगाई करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा निश्चिंत व निरोगी आढळले. परंतु मुदत जवळ येताच त्यांच्यावरील ताण आणि त्यांची दुखणी इतरांपेक्षा वाढली, एकंदर हिशेबात ते अधिक आजारी ठरले, आणि गुणही त्यांनाच कमी मिळाले. दडपणाखाली आपले काम उत्तम होते, अशी जी अनेकांची समजूत असते, तिला या हिशेबात आधार सापडत नाही.

हे निदान खरे मानले, तर नेहमीच्या औषधोपचाराविषयी फेरविचार करणे प्राप्त होते. ज्या भावनेपासून मूल पळत आहे ती भीती किंवा लाज असेल, तर रागावण्याने, तुलनेने, शेजारच्या घरातील टक्केवारीच्या दाखल्याने ती भावना वाढते, आणि पळण्याचे कारण अधिक सबळ होते. उलट कामाचा आरंभ इतका लहान आणि इतका निश्चित करून ठेवला की त्याच्याविषयी भय वाटण्यास जागाच उरू नये, तर बहुतेक वेळा पळ काढण्याची निकडच संपते. आज विज्ञान संपवायचे, या संकल्पात भीतीला भरपूर अवकाश आहे; प्रकाशाच्या परावर्तनावरील पहिली तीन उदाहरणे सोडवायची, यात तो नाही.

लक्ष तुटते तेव्हा

चालढकल ही कामाच्या उंबरठ्यावरची अडचण झाली. उंबरठा ओलांडल्यानंतर लक्ष तुटण्याची अडचण सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधिका ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आहे. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरील एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत ही मुदत सुमारे ४७ सेकंदांवर आली आहे. या निरीक्षणांतून निघालेली दुसरी गोष्ट अधिक मननीय आहे: व्यत्ययांपैकी पुष्कळसे बाहेरून आलेले नसून माणसाने आपण होऊन ओढवून घेतलेले असतात. घंटी वाजली नाही तरी हात फोनकडे जातो. म्हणजे बाहेरच्या गोंगाटाने मनाला एक ताल लावला, आणि पुढे गोंगाट थांबला तरी मन त्या तालावर चालत राहिले.

एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना मन पहिल्या कामाचा काही अंश मागे ठेवूनच वळते, हे संशोधिका सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगाने दाखविले. अर्धवट सोडलेले काम मनात घोळत राहते आणि नव्या कामाला मिळणारे लक्ष तेवढ्याने उणे होते. विद्यार्थ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, भूमितीचे प्रमेय चालू असताना मित्राचा निरोप वाचण्यास अर्धे मिनिट लागले, तरी खर्च अर्ध्या मिनिटाचा नसतो. निरोपातील बोलणे प्रमेयाच्या पुढच्या चार ओळींतही चालूच राहते, आणि मग तीच ओळ तीनदा वाचूनही कळत नाही असा अनुभव येतो, ज्याचा दोष बिचारा विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीला देतो. टेक्सास विद्यापीठातील एका प्रयोगात, २०१७ साली, आवाज बंद करून नुसता टेबलावर पालथा ठेवलेला फोनही विचारशक्तीचा काही भाग खातो, आणि फोन दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची कामगिरी सर्वांत चांगली होते, असे आढळले. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यात तोटा काहीच नाही.

शिवाय या झुंजीत दोन्ही बाजूंचे बळ सारखे नाही. पडद्यावर बोट फिरवीत राहावे आणि मजकूर कधी संपूच नये, अशी जी रचना आज प्रत्येक फोनवर आहे ती २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने तयार केली, आणि तिचे परिणाम पाहून पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान संपते, आणि संपण्याच्या त्या जागी माणूस उठतो. ती जागाच काढून टाकली तर उठण्याची आठवण मनाला करून देणार कोण? माणसाला पडद्याशी बांधून ठेवणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा कुशल अभियंत्यांची फौज एका बाजूला, आणि दिवसभर शाळा व शिकवणी करून दमलेले पंधरा वर्षांचे मूल दुसऱ्या बाजूला, अशी ही लढत आहे. तिच्यात मुलाने केवळ निग्रहाच्या बळावर जिंकावे, ही अपेक्षा न्यायाला धरून नाही.

उसाला पाणी देणारा शेतकरी रात्री दारे धरायला जातो, तेव्हा तो पाण्याला उपदेश करीत बसत नाही; कोणता वाफा कधी भिजवायचा हे ठरवून तो आधीच बांध घालतो आणि बारे मोडतो, आणि पाणी आपल्या स्वभावानेच हव्या त्या सरीत जाते. लक्षाचेही तसेच आहे. त्याच्या स्वभावाशी भांडण्यापेक्षा त्याच्या वाटा आगाऊ बांधून ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

बंदोबस्ताची अंगे

या बंदोबस्ताचे पहिले अंग म्हणजे जागा. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतील एका खोलीच्या संसारात अभ्यासाला कोपरा मिळणे दुरापास्त होते, तेव्हा तेथील मुलांनी जवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाचा आश्रय घेतला, आणि रस्त्याच्या दिव्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करून त्या रस्त्याला अभ्यास गल्ली हे नाव मिळवून दिले. तेथे शांततेपेक्षाही मोलाची एक गोष्ट होती: त्या जागी येणारा प्रत्येक जण त्याच एका कामासाठी आलेला असे, आणि नवख्या मुलाला तेथे काय करायचे हे सांगावे लागत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे दार उघडताच ते आत जात आणि बंद होईपर्यंत तेथे बसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रात्री बिऱ्हाडी परतल्यावरही वाचन चालेच. ज्यांच्या निग्रहाविषयी कोणी शंका घेणार नाही, अशा पुरुषानेही दिवसाचा मोठा भाग अशा जागी काढला जेथे वाचनाखेरीज दुसरे काही करण्याची सोयच नव्हती. घरात स्वतंत्र खोली नसेल तर नसो; एक ठरलेला कोपरा, एक ठरलेली सतरंजी, आणि त्या सतरंजीवर फोन न आणण्याचा शिरस्ता, एवढ्याने पुष्कळ काम होते.

दुसरे अंग वेळेचे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आपले लक्ष लागत नाही म्हणून, स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवून अभ्यास करण्यास सुरुवात केली, आणि त्यातून २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विसावा ही पुढे जगभर पसरलेली पद्धत निर्माण झाली. २५ या आकड्यात काही गूढ सामर्थ्य नाही. कोणाला ४० मिनिटे मानवतील, तर कोणाला पंधराच. या पद्धतीचे मर्म असे की, कामाला आरंभ आणि शेवट दोन्ही मिळतात, आणि मनात उठलेल्या प्रत्येक ऊर्मीला नकार देण्याऐवजी तिची सुनावणी थोड्या वेळापुरती तहकूब करता येते. जवळ एक कोरा कागद ठेवावा, आणि मध्येच कोणाला फोन करायचा आहे, काही शोधायचे आहे, असे आठवले की ते त्यावर टिपून पुन्हा पुस्तकाकडे वळावे. कागदावर उतरलेल्या गोष्टीचा तगादा मन सहसा लावत नाही. विसाव्याची पाच मिनिटे मात्र फोनला देऊ नयेत, कारण संपण्याची जागा नसलेल्या गोष्टीतून पाच मिनिटांनी उठणे कोणालाच सोपे नाही. पाणी प्यावे, गॅलरीत उभे राहावे, चार पावले चालावे.

तिसरे अंग संकल्पाच्या रूपाचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या पूर्वसंध्येचे वृत्त ४८ तासांच्या आत लिहून धाडण्यास सांगितले होते. काहींनी केवळ होकार दिला. काहींकडून मात्र आपण ते कोठे बसून आणि नेमके केव्हा लिहिणार हे आगाऊ लिहून घेतले. सणाच्या त्या धामधुमीत, नुसता होकार देणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी, तर स्थळकाळ मुक्रर करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी ते काम मुदतीत केले. उद्यापासून मन लावून अभ्यास करीन, हा संकल्प कितीही प्रामाणिक असला तरी त्याला अंमलाची तारीख नाही. संध्याकाळचे जेवण झाले, हात धुतले, की पश्चिमेच्या खिडकीपाशी बसून नागरिकशास्त्राचे चौथे प्रकरण उघडायचे, या संकल्पाला जागा आहे, वेळ आहे आणि पहिले पाऊलही आहे. त्या घटकेला मनाशी वाद घालण्याचे कारणच पडत नाही.

चौथे अंग मुदतीचे. डॅन ॲरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख या संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका वर्गाला तीन निबंधांसाठी समान अंतराच्या तीन तारखा बांधून दिल्या होत्या, आणि दुसऱ्या वर्गाला आपल्या तारखा आपणच ठरविण्याची मुभा होती. मुभा असलेल्यांपैकी अनेकांनी, सर्व निबंध शेवटच्या दिवशी देता येत असतानाही, आपल्यावर अलीकडच्या तारखा घालून घेतल्या. म्हणजे आपली चालढकल त्यांना ठाऊक होती. तरीही समान अंतराच्या तारखा मिळालेला वर्गच गुणांत सरस ठरला. वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा ठेवून मधले महिने मोकळे सोडणारी रचना विद्यार्थ्याला स्वातंत्र्य देते असे भासते. वस्तुतः ती त्याला एकट्याला सोडून देते. शिक्षकाने, मोठ्या भावंडाने किंवा बरोबरीच्या मित्राने दर आठवड्याची एक लहान मुदत घालून द्यावी आणि त्या दिवशी आवर्जून विचारावे, हे साहाय्य शिकवणीच्या एखाद्या वर्गाहून कमी मोलाचे नाही.

पाचवे अंग अभ्यासाच्या रीतीचे, आणि याचा लक्षाशी असलेला संबंध सहसा कोणी ओळखत नाही. तेच पान पुनःपुन्हा वाचणे ही आपल्याकडची सर्वांत रूढ रीत आहे, आणि मन भटकण्यास तिच्याइतकी अनुकूल दुसरी नाही, कारण तिच्यात मनाकडे काही मागितलेच जात नाही. डोळे ओळींवरून चालत राहतात आणि चित्त खुशाल दुसऱ्या गावी जाऊन येते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली सेंट लुईस येथे दाखविले की, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवते. परंतु पुस्तक मिटून आठवलेले लिहून काढणाऱ्यांना एका आठवड्यानंतर अधिक आठवते. पुढे २०१३ साली हार्वर्डमधील एका प्रयोगात, चित्रमुद्रित व्याख्यान ऐकताना मधूनमधून छोटे प्रश्न विचारले की विद्यार्थ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण बरेच घटते आणि ते टिपणेही अधिक घेतात, असे दिसून आले. म्हणून एक पान वाचून होताच पुस्तक उपडे ठेवावे, आणि काय वाचले ते दोन-चार वाक्यांत लिहावे किंवा कोणाला सांगावे. ज्या मनाला पुढच्या क्षणी जबाब द्यायचा आहे, ते फार दूर जात नाही.

एका गावाची तजवीज

ही सर्व अंगे एकत्र कशी नांदू शकतात याचा दाखला पाहायचा असेल, तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहावे. शेती आणि साखर कारखान्यातील नोकरी यांवर जगणारी, सुमारे तीन हजार वस्तीची ही जागा. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवरून सुरू झाले, तेव्हा पोटाला चिमटा काढून घेतलेला फोन मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या तरी तो हातातून गेला नाही, आणि लिहिण्यावाचण्याची बैठक मोडल्याचे शिक्षकांच्या ध्यानात आले. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये गावातील स्त्रियांची सभा भरली, आणि तीतून असे ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावर बसविलेला भोंगा वाजावा आणि त्याबरोबर घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद व्हावेत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल तोवर मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. ठरावाची अंमलबजावणी हुकमाने झाली नाही. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा व अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक हे आरंभीच्या दिवसांत दारोदार फिरले आणि आर्जवाने सांगत राहिले.

या तजविजीत दीड तासच बांधून घेतला आहे, आणि त्याचा आरंभ जसा ठरलेला तसा शेवटही; त्यामुळे ती जाचक होत नाही. ती मुलाच्या निग्रहावर विसंबून नाही, कारण त्या वेळेला मोहाची वस्तूच बंद असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यात वडीलधारी माणसेही बांधली गेली आहेत. बाहेरच्या खोलीत मालिका चालू असताना आतल्या खोलीतील मुलाला अभ्यास कर म्हणून सांगणारा आवाज कितीही मायेचा असला तरी तो शिकवतो काही निराळेच. आईने मालिका आणि वडिलांनी फोन बाजूला ठेवला, की न सांगताही सारे सांगून होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी या गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास सरसकट बंदी करण्याचा ठराव केला. त्यामागील तळमळ वादातीत आहे. तरीपण एका वयोगटावर घातलेल्या पूर्ण बंदीपेक्षा, सर्वांनी मिळून पाळलेली ठराविक वेळ मला अधिक न्याय्य आणि अधिक टिकाऊ वाटते. आज पाठ्यपुस्तकापासून शिक्षकांच्या सूचनेपर्यंत बरेच काही त्याच फोनवरून येते, आणि मुलाला उद्या त्याच्याशीच वागायचे आहे. तो केव्हा बाजूला ठेवायचा ही वहिवाट त्याला घरातच पडायला हवी.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि खेडोपाडी शासनमान्य वाचनालये आहेत. त्यांतील जेवढी शक्य असतील तेवढी सायंकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडी राहिली, शाळेचे दोन वर्ग रात्री नऊपर्यंत दिव्यासह मोकळे ठेवले गेले, गृहनिर्माण संस्थेने आपली एरवी कुलूपबंद असलेली सभेची खोली परीक्षेच्या तीन महिन्यांत मुलांना दिली, तर ज्यांच्या घरी कोपराही नाही त्यांच्यासाठी ती देणगी बक्षीस-समारंभापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरेल.

चुकलेल्या दिवसाचे काय

इतके करूनही काही दिवस चुकणारच. पाहुणे येतील, ताप येईल, आणि कधी यांतले काहीही न घडता नुसतेच मन लागणार नाही. अशा दिवसानंतर कष्टाळू विद्यार्थी स्वतःला जी शिक्षा करतो ती बहुधा अशी असते: बुडालेले सहा तास उद्याच्या सहा तासांत मिळवून बारा तासांचे वेळापत्रक आखणे. ते पहिल्या दुपारीच मोडते, लाज दुप्पट होते, आणि लाजेपासून पळण्याचा जुना मार्ग पुन्हा मोकळा होतो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी करून ती २०१० साली प्रसिद्ध केली, तिचा निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. पहिल्या परीक्षेपूर्वी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली. क्षमा म्हणजे येथे कानाडोळा नव्हे. चूक झाली हे स्वच्छ मान्य करून तिचे ओझे पुढच्या कामावर न लादणे, एवढाच तिचा अर्थ.

आरंभी मांडलेला विचार मान्य असेल, तर या क्षमेला तर्काचाही आधार आहे. लक्ष लागणे हे जर स्वभावाच्या उंचीचे प्रमाणपत्र असते, तर चुकलेला प्रत्येक दिवस त्या स्वभावाविरुद्धचा पुरावा ठरला असता, आणि विद्यार्थ्याला खचून जाण्यावाचून गत्यंतर राहिले नसते. परंतु ते बंदोबस्ताचे फळ आहे. म्हणून दिवस चुकला याचा अर्थ बंदोबस्तात कोठेतरी उणीव राहिली, इतकाच होतो, आणि ती उणीव शोधता येते. फोन त्याच खोलीत होता काय? बसण्याची वेळ जेवणानंतरच्या सुस्तीत पडली काय? पहिले काम अवजड होते काय? दुपारची झोप अपुरी होती, की रात्रीची? या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि प्रत्येक उत्तराबरोबर उद्याचा एक लहान फेरबदल सुचतो. विद्यार्थ्याने ते प्रश्न स्वतःला विचारावेत आणि घरच्यांनी त्याच्या शेजारी बसून ते सोडवावेत. मोडलेला बंदोबस्त दुरुस्त करता येतो. आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलाला, माझी बुद्धी कमी आहे, असे म्हणण्याचे कारण उरत नाही.